एका भागासाठी

गेल्या वर्षी श्रावणात मी महात्मा फुले यांच्या पडद्यावरील आणि रंगभूमीवरील चित्रणासंबंधी एक टिपण लिहायला घेतले होते. आचार्य अत्रे यांचा १९५४ सालचा 'महात्मा फुले' हा चित्रपट, गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' हे नाटक, आणि या दोहोंच्या मध्ये येणारा श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' या मालिकेतील फुल्यांवरचा भाग, अशी तीन टोके मला जुळवायची होती. मालिकेत सदाशिव अमरापूरकर यांनी जोतीराव रंगवले आहेत. त्यांच्या बोलण्यातला ठसका, थांबण्याच्या जागा, समोरच्याकडे बघण्याची रीत हे सारे टिपून घ्यायचे तर तो भाग पुन:पुन्हा मागेपुढे करून पाहणे भाग होते. मालिकेचा डीव्हीडी संच माझ्याकडे आहे. रीतसर विकत घेतलेला. मात्र नेमकी तीच डीव्हीडी मी केव्हातरी खोक्यात न ठेवता टेबलावर उघडी टाकली होती आणि तिच्यावर दोन लांब ओरखडे उठले होते. एका ठरावीक जागी आले की चित्र गोठायचे, चौकोनी ठिकऱ्या उडायच्या आणि यंत्र आतल्या आत कण्हू लागायचे.

दोष माझाच. उरलेला भाग सुरक्षित आहे तोवर तो संगणकावर उतरवून ठेवावा, एवढाच साधा विचार मी केला. पुस्तकाचे पान फाटायला आले तर आपण त्याची झेरॉक्स काढून ठेवतो, तसेच. पण डीव्हीडी संगणकात घालून फोल्डर उघडले तेव्हा तिथे 'भाग' नावाची वस्तूच दिसेना. आणि जे दिसत होते ते कुलूपबंद होते. त्या दोन अडथळ्यांचा माग काढता काढता माझे फुल्यांवरचे टिपण मागे पडले आणि हा लेख झाला.

पहिला अडथळा रचनेचा. चित्रपटाची वा मालिकेची डीव्हीडी उघडली की 'व्हिडिओ_टीएस' नावाचे एक फोल्डर दिसते. त्यात प्रत्यक्ष चित्र-ध्वनी असलेल्या 'व्हीओबी' फायली आणि त्यांची अनुक्रमणिका सांभाळणाऱ्या छोट्या 'आयएफओ' फायली असतात. एक व्हीओबी फाइल एक गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ द्यायची नाही असा नियम आहे. त्यामुळे सलग चालणारा मजकूर केवळ आकार भरला म्हणून मध्येच तुटतो आणि पुढच्या फायलीत सुरू होतो. आपल्याकडे जुन्या पोथ्यांमध्ये पान संपले म्हणून शब्द अर्धा तोडून पुढच्या पानावर नेतात, त्यातला प्रकार. एखादी व्हीओबी फाइल उचलून घ्यावी तर तिच्यात एका भागाची शेपटी आणि दुसऱ्याचे डोके निघते. भाग कुठे सुरू होतो हे फायलींना ठाऊक नसते, ते अनुक्रमणिकेला ठाऊक असते. तिथे मजकुराची 'शीर्षके' आणि त्यांच्या पोटात 'प्रकरणे' अशी मांडणी असते. एका डीव्हीडीवर ९९पर्यंत शीर्षके बसू शकतात.

मालिका डीव्हीडीवर आणणाऱ्यांच्या यात दोन रीती आहेत. कुणी प्रत्येक भागाला वेगळे शीर्षक देतो. मग काम सोपे. कुणी सगळे भाग एकाच लांबलचक शीर्षकात ओवतो आणि भागांच्या सीमा केवळ प्रकरणांच्या खुणांनी दाखवतो. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात: वेगळे भागही आणि 'सगळे सलग पाहा' या सोयीसाठी एक मोठे शीर्षकही. हे मोठे शीर्षक म्हणजे निराळा मजकूर नव्हे, त्याच फायलींकडे बोट दाखवणारी दुसरी यादी. म्हणून तीन भागांच्या डीव्हीडीत चार शीर्षके दिसतात आणि नवखा माणूस सगळी उतरवून घेतो, तेव्हा प्रत्येक भाग दोनदा हाती येतो. मीही तेच केले. शेवटी घड्याळ उपयोगी पडले. तासाच्या आसपासचे ते भाग, आणि त्यांच्या बेरजेएवढे लांब ते सलग शीर्षक, असा हिशेब मांडला की गुंता सुटतो.

ही रचना कुणा खलनायकाने मुद्दाम केलेली नाही. डीव्हीडी १९९६च्या नोव्हेंबरात जपानमध्ये बाजारात आली आणि १९९७च्या मार्चमध्ये अमेरिकेत, तेव्हा तिच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर चित्रपट होता. एका थराची डीव्हीडी ४.७ गिगाबाइटची, म्हणजे एक चित्रपट चांगल्या दर्जात बसेल एवढी. मालिका पुढे आल्या. २००० साली 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकी मालिकेचे पहिले अख्खे पर्व डीव्हीडी संचात निघाले. पूर्ण पर्व असे विकण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक. चित्रपटासाठी बेतलेल्या कपड्यात मालिका बसवली गेली आणि शिवणी नको तिथे आल्या.

दुसरा अडथळा मात्र हेतुपुरस्सर घातलेला आहे. या कुलपाला इंग्रजी आद्याक्षरांनी 'सीएसएस' म्हणतात. त्याची योजना थोडक्यात अशी. डीव्हीडीवरील मजकूर एका किल्लीने बंद केलेला असतो. ती किल्ली दुसऱ्या किल्लीने बंद. आणि ही दुसरी किल्ली सुमारे चारशे निरनिराळ्या कुलपांत घालून डीव्हीडीवरच ठेवलेली असते. प्लेअर बनवणाऱ्या परवानाधारक कंपन्यांना त्या चारशेतली आपापली एक उघडण्याचे साधन मिळते. किल्ल्या डीव्हीडीच्या ज्या आतल्या कडेवर असतात तो भाग बाजारातल्या कोऱ्या डीव्हीडीवर लिहिता येत नाही. म्हणून मजकूर अक्षरश: जसाच्या तसा उतरवला, तरी नक्कल मुकीच राहते. परवाना कुणाला आणि कोणत्या अटींवर द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार अर्थातच चित्रपट कंपन्यांच्या बाजूने होता. जगाचे विभागही याच व्यवस्थेत पाडले गेले. अमेरिका एक, भारत पाच. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने फार प्रेमाने पाठवलेली एक डीव्हीडी आमच्या दिवाणखान्यातल्या यंत्राने थेट नाकारली होती, तेव्हा यंत्र बिघडले असे समजून मी ते दुरुस्तीला नेले होते.

कुलूप दिसायला भक्कम, पण किल्ली अवघी ४० बिटांची होती. त्या काळी अमेरिकेतून याहून बळकट गुप्तलेखन निर्यात करण्यावर बंधने होती. १९९९च्या ऑक्टोबरात 'डीसीएसएस' नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम इंटरनेटवर आला आणि कुलूप उघडले. तो प्रसिद्ध करणारा योन लेक योहान्सन हा नॉर्वेतला मुलगा तेव्हा १५ वर्षांचा होता. त्याचे दोन साथीदार अज्ञातच राहिले. एका परवानाधारक सॉफ्टवेअर प्लेअरने आपली किल्ली नीट दडवलेली नव्हती, ती यांच्या हाती लागली. त्याच वर्षअखेरीस फ्रँक स्टीव्हनसन याने गणिताने दाखवून दिले की उसनी किल्ली नसली तरी साध्या घरगुती संगणकावर हे कुलूप काही क्षणांत मोडता येते.

त्या मुलाचे म्हणणे काय होते? त्याच्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली होती आणि लिनक्ससाठी परवाना असलेला डीव्हीडी प्लेअर बाजारात नव्हता. पैसे देऊन घेतलेली डीव्हीडी त्याला स्वत:च्या यंत्रावर पाहता येत नव्हती. जानेवारी २०००मध्ये पोलीस त्याच्या घरी आले, संगणक घेऊन गेले. खटला उभा राहिला. ७ जानेवारी २००३ रोजी ओस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. सरकारी पक्ष अपिलात गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात वरच्या न्यायालयानेही तोच निकाल दिला. कायदेशीररीत्या विकत घेतलेल्या डीव्हीडीतला मजकूर पाहण्याचा हक्क तिच्या मालकाला आहे. त्यासाठी कुलूप काढले म्हणून ती घरफोडी होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. घर स्वत:चे असेल तर घरफोडी कशी, असा प्रश्न आपल्याकडे एखाद्या पोरानेही विचारला असता. पण तो न्यायालयात सिद्ध व्हायला तीन वर्षे लागली.

अमेरिकेत नेमके उलटे झाले. तिथे १९९८च्या कायद्याने कुलूप काढण्याचे साधन पुरवणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला होता; ते साधन कशासाठी वापरले जाते याचा प्रश्नच नाही. '२६००' नावाच्या नियतकालिकाने आपल्या संकेतस्थळावर हा प्रोग्रॅम छापला म्हणून चित्रपट कंपन्यांनी दावा लावला. ऑगस्ट २०००मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी नियतकालिकाविरुद्ध निकाल दिला, आणि तो प्रोग्रॅम जिथे मिळतो तिथले दुवे देण्यालाही मनाई केली. पुढच्या वर्षी अपिलातही तेच टिकले. संगणकाची आज्ञावली हे भाषण आहे हे न्यायालयाने मान्य केले. पण ते नुसते बोलत नाही, काम करते, म्हणून त्यावर बंधन घालता येते असे म्हटले.

साहित्याच्या वाचकांना इथे थबकावेसे वाटेल, कारण या निकालाला उत्तर म्हणून जे घडले ते वाङ्मयाच्या इतिहासातही नोंदवण्यासारखे आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड टुरेट्झ्की यांनी या खटल्यात साक्ष दिली होती. त्यांनी आपल्या पानावर एक चित्रदालनच उघडले: तोच प्रोग्रॅम साध्या इंग्रजी गद्यात, गाण्याच्या रूपात, टी-शर्टवर छापलेला. यातला कोणता नमुना भाषण आणि कोणता हत्यार, असा त्यांचा न्यायालयाला प्रश्न होता. सेथ शोएन या प्रोग्रॅमरने साडेचारशेहून अधिक हायकूंच्या कडव्यांत ती सगळी रीत पायरीपायरीने सांगितली. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत हायकू रुजला तो निसर्गातल्या एका क्षणापुरता. त्या जपानी आकृतिबंधात कुणी कुलपाच्या किल्ल्यांचे गणित बसवेल, हे त्यांच्याही मनात आले नसते. फिल कार्मोडी याने २००१मध्ये आणखी पुढे जाऊन एक प्रचंड मूळ संख्या शोधली, जी विशिष्ट पद्धतीने उलगडली की तोच प्रोग्रॅम मिळतो. मूळ संख्या बेकायदा असू शकते का, यावर कोणत्याही न्यायालयाने मत दिलेले नाही.

घरगुती नकलेबद्दलचे हे भांडण डीव्हीडीपासून सुरू झाले असे मात्र नाही. १९७५मध्ये सोनीचे बेटामॅक्स यंत्र आले आणि पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्ने या कंपन्यांनी सोनीवर दावा ठोकला. घरबसल्या टीव्हीवरचा कार्यक्रम टेप करून ठेवणे ही चोरी, आणि यंत्र विकणारा तिचा साथीदार, असा त्यांचा युक्तिवाद होता. चित्रपट उद्योगाचे प्रवक्ते जॅक व्हॅलेंटी यांनी १९८२मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर या यंत्राची तुलना बोस्टनमधल्या, बायकांचे गळे आवळणाऱ्या कुप्रसिद्ध खुन्याशी केली. १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. नंतर पाहण्यासाठी टेप करणे हा रास्त वापर ठरला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या निकालपत्रात लहान मुलांच्या कार्यक्रमाचे लाडके सूत्रधार फ्रेड रॉजर्स यांच्या साक्षीचा उल्लेख आहे. आपला कार्यक्रम कुटुंबांनी सोयीच्या वेळी टेपवरून पाहिला तर त्यांना आनंदच होता. न्यायमूर्ती मार्शल यांची कागदपत्रे पुढे खुली झाली, तेव्हा कळले की सुरुवातीला बहुमत सोनीच्या विरुद्ध जुळत होते. एका मताने घराघरातले यंत्र वाचले.

या खटल्यांच्या गर्दीत एक गोष्ट कुणी फारशी बोलत नव्हते. ज्यांच्या हक्कांसाठी एवढी धडपड चालली होती, त्या निर्मात्यांनी आणि प्रसारकांनी स्वत: आपला ठेवा कसा जपला?

बीबीसीचे उदाहरण सगळ्यात बोलके. साठ-सत्तरच्या दशकांत दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम कितीदा दाखवता येतील यावर मर्यादा होत्या. दाखवता येत नाही ते ठेवायचे कशाला, या हिशेबाने हजारो कार्यक्रम पुसले गेले. १९७८च्या सुमारास हा प्रकार थांबला. १९६९मध्ये माणूस चंद्रावर उतरला त्या रात्रीचे बीबीसीचे स्टुडिओतले प्रक्षेपण आज नाही. 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेचे शंभराहून अधिक भाग गेले. २०१३मध्ये नायजेरियातल्या एका दूरचित्रवाणी केंद्रात त्यातले नऊ सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा हरवलेल्यांचा आकडा १०६वरून ९७वर आला. पण खरी नवलाई निराळीच आहे. त्या सर्व ९७ भागांचा आवाज शिल्लक आहे. तो बीबीसीने जपलेला नाही. साठच्या दशकात काही शाळकरी पोरांनी टीव्हीच्या भोंग्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरातल्यांना गप्प बसवून तो टिपला होता. पुढे बीबीसीने त्याच ध्वनिफितींवर आधारलेल्या आवृत्त्या विकल्या. म्हणजे ज्या घरगुती नकलेला उद्योग चोरी म्हणत होता, तीच मालकाची एकमेव प्रत ठरली.

फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांची कथा आता बऱ्याच जणांना माहीत आहे. ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या या बाईंनी १९७९च्या इराणमधल्या ओलीसप्रकरणापासून बातम्या रात्रंदिवस टेप करायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१२मध्ये मृत्यू येईपर्यंत थांबवले नाही. सुमारे ७० हजार कॅसेटी मागे राहिल्या. तो संग्रह पुढे 'इंटरनेट आर्काइव्ह'कडे गेला. घरात इतकी यंत्रे सतत चालू असलेल्या बाईबरोबर संसार करणे सोपे नसणार, हे मला मान्य आहे.

आपल्याकडेही टेपा पुसल्या गेल्याच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सुरुवातीच्या वर्षांतले कितीतरी कार्यक्रम आज केवळ ते पाहिलेल्यांच्या आठवणीत आहेत. पण केंद्रावर बोट रोखताना माझा हात जरा अडखळतो, कारण हाच उद्योग आमच्या घरात झाला आहे. १९८८-८९मध्ये 'भारत एक खोज' प्रथम दाखवली गेली, तेव्हा माझ्या वडिलांनी, त्यांना आम्ही भाऊ म्हणत असू, शेजारच्यांचा व्हीसीआर मागून आणून काही भाग टेप केले होते. खोक्यावर शाईच्या पेनने 'म. फुले' असे लिहिले होते. दोन वर्षांनी धाकट्या आत्याचे लग्न निघाले, कोरी कॅसेट आयत्या वेळी मिळेना, आणि व्हिडिओवाल्याला कुणीतरी तीच काढून दिली. खोका अजून आहे. आत आत्याचे लग्न आहे. भाऊ त्या वेळी काही बोलले नाहीत. पुढे बऱ्याच वर्षांनी मी डीव्हीडी संच आणला तो त्यांच्यासाठी. फुल्यांचा भाग त्यांनी पहिल्या दिवशी दोनदा पाहिला. आता भाऊ नाहीत, आणि ओरखडा पडला तो त्याच डीव्हीडीवर. त्यामुळे हा सारा तपास माझ्यासाठी केवळ टिपणापुरता नव्हता.

मग आपला कायदा काय म्हणतो? आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ रास्त वापराची यादी देते. २०१२च्या दुरुस्तीपूर्वी खासगी वापरासाठीची ही सवलत साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरती होती. चित्रपट वा मालिका तिच्यात बसतच नव्हती. म्हणजे पुस्तकातली पाने उतरवून घ्या, चित्रफितीला हात लावू नका. २०१२मध्ये शब्द बदलून संगणक-प्रोग्रॅम वगळता कोणत्याही कृतीला, वैयक्तिक वापरासाठी आणि संशोधनासाठी, ती लागू झाली. त्याच दुरुस्तीने ६५-अ हे नवे कलम आणले. कुलूप तोडणे त्याने गुन्हा ठरवले, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कर्त्याच्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तोडले तर. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कुणी काही करत असेल तर त्याला हे कलम आड येणार नाही, असेही पुढे लिहून ठेवले आहे. अमेरिकी कायदा कुलपाकडे बघतो, आपला माणसाच्या हेतूकडे. तिथे दर तीन वर्षांनी अपवाद जाहीर होतात. २००६मध्ये चित्रपटाच्या प्राध्यापकांना वर्गासाठी तुकडे काढायची मुभा मिळाली, पुढे ती इतरांपर्यंत वाढली, पण स्वत:च्या डीव्हीडीची घरगुती प्रत काढणाऱ्याला ती मिळालेली नाही. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४मध्ये खासगी प्रतीला परवानगी दिली, तर नऊ-दहा महिन्यांत तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आपले कलम फारसे कुणी वाचलेले नाही. मी वकील नाही, पण मला ते वाचून आपल्या कायदेमंडळाबद्दल क्वचितच वाटतो तसा आदर वाटला.

एवढे वाचून झाल्यावर मी कामाला लागलो. नव्या लॅपटॉपांना डीव्हीडीची खाचच नसते, म्हणून बाहेरून जोडायचे एक यंत्र आणले. नियम असा की आधी शीर्षक आहे तसे, दर्जा कमी न करता उतरवून घ्यायचे. आकार लहान करण्याचा मोह नंतर. डीव्हीडीवरचे जुने टीव्ही चित्र पूर्ण चौकटींचे नसते, एक आड एक ओळींच्या दोन अर्ध्या चौकटींनी विणलेले असते. घाईने लहान केले की हलणाऱ्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. शिवाय सलग चित्रातून भाग कापायचा तर हवा तिथे सुरी चालवता येत नाही. दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र असते आणि मधली चित्रे केवळ फरक सांगतात. कापायचे ते पूर्ण चित्रापाशी. ओरखड्याच्या जागी यंत्र अडले. डीव्हीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली, दुसऱ्या जुन्या यंत्रात घालून पाहिली, वाचनाचा वेग कमी केला. चौथ्या रात्री, पावणेदोनच्या सुमारास, ती जागा ओलांडली गेली. दोन ठिकाणी क्षणभर ठिकरी उडते, बाकी सारे नीट आले. दोन प्रती केल्या. एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर.

आमच्या वाचनालयाचे चिटणीस, त्यांना सगळे तात्या म्हणतात, यांना ही बातमी कळली. सावित्रीबाईंच्या जयंतीला, ३ जानेवारीला, सभागृहात दाखवू, पेन ड्राइव्हवर देता का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. वैयक्तिक वापराची हद्द माझ्या उंबरठ्यापाशी संपते, सभागृहासाठी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना रीतसर विचारावे लागेल, हे त्यांना समजावताना मला अवघडल्यासारखे झाले. तात्या जरा नाराज झाले. मग म्हणाले, "बरं, तुमच्या घरी येऊन बघायला तर हरकत नाही ना?"

रविवारी ते आले. भाऊंच्या खुर्चीवर त्यांना बसवले, चहा दिला आणि भाग लावला.